गल्लीत सम-विषम पार्किंग कसे लागू करून घ्यावे: नागपूरकरांसाठी

लग्नसराईत आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या लॉनवर रिसेप्शन असले की आमच्या फाटकासमोर हमखास एखादी पांढरी एसयूव्ही उभी असते. मालक सापडलाच तर उत्तर ठरलेले असते: "भाऊ, पाचच मिनिटं, निघूनच राहिलो." पाच मिनिटांत तिकडे बुफेची रांगसुद्धा सरकत नाही, हे त्यालाही ठाऊक असते आणि मलाही.

दोन वर्षे आम्ही फाटकावर पाट्या लावल्या, भांडलो, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाड्यांचे नंबर टाकले. मग अर्ज केला. तो महिनाभराने "हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही" असा शेरा घेऊन परत आला. आमचे चुकले होते. एकाच कागदावर गाड्या, कुंड्या, बंद पडलेली व्हॅन, समोरच्या इमारतीतले गोडाऊन, सगळे कोंबले होते. नागपुरात पार्किंगचा अर्ज अडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी तक्रारीची वाटणी करा

रस्त्यावर गाडी कुठे उभी करायची आणि कुठे नाही, हे महापालिका एकटी ठरवत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ नुसार पार्किंगच्या जागा शासन किंवा शासनाने अधिकार दिलेले प्राधिकरण ठरवते आणि ते ठरवताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करावी लागते. व्यवहारात गल्लीसाठीची अधिसूचना पोलीस उपायुक्त (वाहतूक) काढतात. त्यामुळे नो पार्किंग, एका बाजूला पार्किंग, सम-विषम (तारखेप्रमाणे बाजू बदलणारे पार्किंग) या मागण्यांचा मूळ अर्ज पोलिसांकडे आणि प्रत मनपाकडे. आम्ही नेमके उलटे केले होते.

रस्त्यावरचे पट्टे, फुटपाथ, कोणी जागा अडवायला ठेवलेले दगड आणि सिमेंट भरलेले डबे हे मनपाच्या झोनचे काम. नागपुरात दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. आपला झोन कोणता हे मालमत्ता कराच्या पावतीवर बघून घ्या. अंदाजाने जाऊ नका, अर्धा दिवस जातो. प्रत्येक झोनला सहायक आयुक्त असतात, प्रत त्यांच्या नावे द्यायची.

इमारतीच्या पोटातले पार्किंग बंद करून तिथे दुकान, दवाखाना किंवा गोडाऊन काढले असेल, तर तो तिसरा आणि पूर्ण वेगळा विषय. त्याकडे शेवटी येतो.

टेप घेऊन खाली उतरा

"गल्ली फार अरुंद आहे" असे लिहून काही होत नाही. मोजून लिहावे लागते.

आमच्या गल्लीचा डांबरी भाग ६ मीटर भरला. साधारण कार पावणेदोन मीटर रुंद असते आणि भिंतीपासून पाव मीटर सोडून लावली जाते, म्हणजे एका बाजूने २ मीटर गेले. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे उरतात २ मीटर. अग्निशमनाची गाडी साधारण अडीच मीटर रुंद. हे गणित अर्जात चार ओळींत लिहिले आणि सोबत हाताने काढलेला नकाशा जोडला. बैठकीत आधी "इतक्या वर्षांत कुठे आग लागली?" म्हणणारे काका तो आकडा पाहून गप्प झाले. एकाच बाजूला गाड्या राहिल्या तर ४ मीटर मोकळे राहतात, आणि तेवढ्यात ॲम्ब्युलन्सही जाते, कचरागाडीही.

फोटो एकाच जागेवरून काढा. आम्ही कोपऱ्यावरच्या घराची गच्ची निवडली. सात दिवस सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री नऊ, प्रत्येक फोटोवर तारीख आणि वेळ. त्यातून एक गोष्ट दिसली जी आम्हाला माहीतच नव्हती: दुपारच्या गाड्या लॉनच्या नव्हत्याच, बाजूच्या कोचिंग क्लासला मुलांना सोडणाऱ्या पालकांच्या होत्या. आणि रात्री नऊच्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त आमच्याच होत्या.

मग काय मागायचे ते ठरवा

हा फोटो-प्रकार झाल्यावरच शेजाऱ्यांची बैठक घ्या. आधी घेतली तर प्रत्येक जण "पूर्ण नो पार्किंग करा" म्हणतो, आणि त्याची स्वतःची दुसरी कार रात्री कुठे उभी राहणार हे त्याच्या लक्षात येत नाही.

पूर्ण नो पार्किंग मी कोणालाच सुचवणार नाही. पहिले चलान शेजाऱ्याचे फाटते आणि मग तोच फलक काढा म्हणून सह्या गोळा करतो. "फक्त रहिवाशांसाठी राखीव" ही मागणीही टिकत नाही. फाटकासमोरचा रस्ता सार्वजनिक आहे, आपण कर भरतो म्हणून तो आपला होत नाही. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण बैठकीत पहिल्यांदा हेच सांगून टाका.

सहा-सात मीटरच्या गल्लीला सम-विषम बरे पडते: एका बाजूला पी-१, दुसऱ्या बाजूला पी-२. विषम तारखेला एका बाजूला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या. त्रास रोज एकाच घराला होत नाही. शाळा, दवाखाना किंवा क्लास असेल तर त्या तुकड्यापुरते ठरावीक वेळेचे नो पार्किंग मागा. त्रास ट्रॅव्हल्सच्या बसचा असेल तर मागणी पार्किंगची नाही, जड वाहनांना प्रवेशबंदीची करायची. ती कलम ११५ मध्ये येते आणि एका महिन्यापर्यंतची बंदी असेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. महिनाभराचा प्रयोग करून बघा म्हटले की अधिकाऱ्यालाही हो म्हणणे सोपे जाते.

अर्ज

एका पानाचा ठेवा. आमचा दुसरा अर्ज साधारण असा होता:

"प्रति, पोलीस उपायुक्त (वाहतूक), नागपूर शहर. विषय: (गल्लीचे नाव, कुठून कुठपर्यंत) या रस्त्यावर सम-विषम तारखेचे पार्किंग लागू करणेबाबत. महोदय, वरील रस्त्याची वापरण्याजोगी रुंदी ६ मीटर व लांबी १८० मीटर आहे. दोन्ही बाजूंस वाहने उभी राहिल्यास मध्ये २ मीटर जागा उरते. त्यातून अग्निशमन वाहन जाऊ शकत नाही. नकाशा व सात दिवसांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. रस्त्यावरील ४१ पैकी ३४ घरांची संमती जोडली आहे. स्थळपाहणी सायंकाळी ७ ते ९ या वेळेत व्हावी, ही विनंती."

शेवटचे वाक्य विसरू नका. आमच्याकडे पहिल्या खेपेला पाहणी झाली ती सकाळी अकरा वाजता, सगळे ऑफिसला गेल्यावर. रिकाम्या गल्लीत एक गाय बसली होती. साहेबांनी तिचाही फोटो काढला आणि गेले.

सह्या घराप्रमाणे घ्या, माणसांप्रमाणे नको. विरोध करणारी घरे असतील तर तीही लिहा. लपवलेला विरोध पाहणीच्या दिवशी रस्त्यावर उभा राहून बोलतो.

एक प्रत आपल्या भागाच्या वाहतूक परिमंडळाच्या पोलीस निरीक्षकांना द्या. पाहणीचा अहवाल तिथून जातो, त्यामुळे खरे काम तिथेच होते. एक प्रत झोनला, एक नगरसेवकाला. मार्च २०२२ पासून मनपात प्रशासकांचा कारभार होता, जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक पुन्हा आले. त्यांना अधिसूचना काढता येत नाही, पण मनपाच्या अभिप्रायाची फाईल झोनमधून हलवता येते. नागपूरच्या प्रभागात साधारण चार नगरसेवक असतात. चौघांनाही प्रत द्या, एकालाच दिली तर बाकीचे तिघे रुसतात.

प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

उत्तर येत नाही तेव्हा

तीन आठवडे थांबा, मग आवक क्रमांक घेऊन परिमंडळात जा. तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकार. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून दोनच प्रश्न विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, आणि स्थळपाहणी अहवालाची प्रत द्यावी. "का केले नाही" असे विचारू नका, कारणमीमांसा मागितली की अर्ज फेटाळायला निमित्त मिळते. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. आमच्या अर्जाची फाईल विसाव्या दिवशी हलली.

मनपाकडे अडले असेल तर नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठीचा लोकशाही दिन आहे. महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी.

आदेश निघाला म्हणजे काम झाले असे नाही

फलक लागेपर्यंत आदेश कागदावरच असतो. फलक नसेल तर चालक "इथे कुठे लिहिलंय?" म्हणतो, आणि त्याचे म्हणणे चूक नसते. गल्लीच्या दोन्ही तोंडांना आणि लांब गल्ली असेल तर मधे, असे फलक मागा. कुठे लागतायत ते उभे राहून बघा. आमचा एक फलक थेट कडुनिंबाच्या फांदीमागे गेला आणि ती फांदी छाटायला उद्यान विभागाकडे आणखी एक अर्ज झाला.

चुकीच्या जागी गाडी लावल्याचा दंड महाराष्ट्रात पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केल्यास १,५०० रुपये. नो पार्किंगमधली गाडी उचलायचा किंवा जॅमर लावायचा अधिकार कलम १२७ प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीने वापरला जातो. टोइंगची गाडी नुसती पोरे घेऊन आली आणि सोबत गणवेशातला कोणी नसेल, तर हरकत घ्या, ती तुमची गाडी असो की शेजाऱ्याची.

आज रात्रीच फाटक अडले असेल तर

यासाठी अधिसूचना, फलक काहीच लागत नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांनुसार कोणाच्या आवाराच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावायला तशीही मनाई आहे. नंबर प्लेट, फाटक आणि घड्याळाची वेळ एकत्र येईल असा फोटो काढा. लॉन किंवा दवाखाना जवळ असेल तर तिथल्या माइकवरून नंबर पुकारायला लावा. दहा वेळांपैकी सात वेळा यातच काम होते. नाहीच झाले तर ११२ वर फोन करा आणि "गाडी उभी आहे" असे न सांगता "माझी गाडी आवारात अडकली आहे, बाहेर काढता येत नाही" असे सांगा. घरात आजारी माणूस असेल तर तेही. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकॲपवरही फोटोसह तक्रार करता येते, पण तिचा उपयोग नंतरच्या चलानासाठी. गाडी त्याने त्या रात्री हलत नाही.

फाटकावरची "गाडी लावल्यास हवा काढली जाईल" ही पाटी मात्र उतरवा. खरेच हवा काढली किंवा आरसा तोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली, म्हणजे नुकसान केल्याबद्दल, तक्रार तुमच्यावर होऊ शकते आणि पुरावा म्हणून तुमचीच पाटी समोर येते. कुंड्या आणि साखळ्यांचेही तेच. फाटकाबाहेर ठेवली की ती कुंडी अतिक्रमण. मनपाचे उपद्रव शोध पथक आले तर शेजाऱ्याच्या गाडीच्या आधी तुमची कुंडी उचलली जाईल.

महिनोन्‌महिने धूळ खात पडलेल्या गाडीसाठी निराळा मार्ग आहे. दहा तासांहून जास्त बेवारस उभी गाडी कलम १२७ मध्ये येते. नंबर, पंक्चर टायर आणि बोनेटवर वाढलेले गवत दिसेल असा फोटो घेऊन परिमंडळात अर्ज द्या, प्रत झोनला. आमच्या गल्लीतली व्हॅन या एका अर्जावर गेली. तिच्यात राहणारी मांजर आता माझ्या स्कूटरच्या सीटवर झोपते.

इमारतीखालचे पार्किंग

रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांचे मूळ इथे असते. धंतोलीत दवाखान्यांच्या गाड्यांचा प्रश्न तिथल्या नागरिक मंडळाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावा लागला. तुम्हाला तितके लांब जावे लागू नये म्हणून मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात काढा. नकाशा मनपाने मंजूर केला असेल तर मनपाच्या नगररचना विभागाकडे, नागपूर सुधार प्रन्यासने (नासुप्र) केला असेल तर तिथे. नकाशात पार्किंग दाखवले आहे आणि जागेवर शटर आहे, हे दोन कागद शेजारी ठेवून झोनला द्या. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचे कलम ५३ असे अनधिकृत काम काढायला लावणाऱ्या नोटिशीसाठीच आहे. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि बिल्डर स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा वेगळे पैसे घेऊन विकत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तेव्हाच्या फ्लॅट मालकी कायद्याखाली सांगितले होते की ती सामाईक जागा आहे, फ्लॅटसारखी सुटी विकता येत नाही; रेरा कायद्यानंतरच्या प्रकल्पांत मात्र झाकलेल्या पार्किंगचे नियम वेगळे आहेत, तिथे आधी करारनामा बघा.

सम-विषम घेतलेल्यांसाठी एक शेवटची बाब. गाडी कधी हलवायची ती वेळ आदेशात लिहून मागा, आम्ही सकाळी आठ मागितली. नाहीतर तारीख मध्यरात्री बदलते आणि बारा वाजता पायजम्यावर खाली उतरावे लागते. शिवाय ३१ तारीख विषम आणि १ तारीखही विषम, म्हणजे त्या दोन दिवसांत गाड्या एकाच बाजूला राहतात. ज्याच्या दाराशी त्या राहतात तो पहिल्या महिन्यात भांडायला येतोच. आमच्याकडे तो मीच होतो.