लाइन गेली की आधी अ‍ॅम्प बंद

घरच्या ऑडिओ सिस्टिमला अर्थिंग, थ्री-पिन प्लग आणि चांगला एक्स्टेंशन बोर्ड एवढं गृहीत धरतो. कूलर मात्र सिस्टिमच्या बोर्डावर नको. नागपूरच्या उन्हाळ्यात तो रात्रंदिवस चालतो, आणि पंपाचं बटण दाबलं की स्पीकरमधून टक्क येतं.

सुरू करताना आधी टर्नटेबल, सीडी प्लेअर, डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा), मग आवाज कमी-जास्त करणारा प्रीअ‍ॅम्प, आवाज पार खाली, आणि स्पीकर चालवणारा पॉवर अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी. बंद करताना तोच सगळ्यात आधी. प्रीअ‍ॅम्प किंवा डॅक सुरू होताना त्याच्या आउटपुटवर क्षणभर व्होल्टेजचा धक्का येतो. अ‍ॅम्प आधीच चालू असेल तर तो हा धक्का कित्येक पटींनी वाढवून स्पीकरला देतो. वूफरचा कोन पुढे फेकला जातो ते डोळ्यांना दिसतं. ट्वीटरच्या कॉइलची तार केसासारखी बारीक, ती जळली तरी कळत नाही. झांजा ऐकू येईनाशा झाल्या की कळतं. सबवूफरच्या आतही अ‍ॅम्पच असतो, तोही शेवटी.

आता लाइन जाते तेव्हाचं. लाइन गेली की उठा आणि पॉवर अ‍ॅम्प बंद करा. पाणी नंतर प्या, इन्व्हर्टरकडे नंतर बघा, आधी अ‍ॅम्प. परत येणारी लाइन तुमचा क्रम पाळत नाही. ज्याचं बटण चालू राहिलं ते सगळं एकाच क्षणी जागं होतं. अवकाळीचं वादळ सुटलं की तर ती येते, जाते, पुन्हा येते, आणि दर वेळी स्पीकरला तोच दणका. रिमोटवर भरवसा नको, मागचा खटका खाली करा. घरात सगळ्यांना सांगून ठेवा: लाइन गेली, अ‍ॅम्प बंद. बाहेर जाताना लाइन असली तरी अ‍ॅम्प बंद, कारण ती जाईल तेव्हा तुम्ही घरी नसाल.

लाइन आल्यावर पाचेक मिनिटं थांबा. पंखा एका वेगानं फिरू लागला की सोर्सपासून, म्हणजे टर्नटेबल किंवा सीडी प्लेअरपासून, सुरुवात करा.

उपकरणं एकमेकांना जोडणारी आरसीए वायर काढता-लावताना अ‍ॅम्प बंदच हवा. मधली पिन बाहेरच्या कड्याआधी टेकते आणि भसकन गुरगुर होते. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय सुरू करू नका, त्याच्यातला ट्रान्सफॉर्मर जातो. मोठ्या अ‍ॅम्पनं एमसीबी पडत असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवा.

सिक्वेन्सर, म्हणजे उपकरणं एकामागून एक सुरू करणारा बोर्ड, घ्यायचा तर पॉवर अ‍ॅम्प शेवटच्या सॉकेटला. लाइन परत आल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून क्रम धरतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. धरत नसेल तर खटका आहेच: लाइन गेली, अ‍ॅम्प बंद.