हृदयाची नवी गोळी सुरू झालीय? पहिल्या महिन्यातल्या या चुका टाळा

मिरजेत औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून मला २१ वर्षं झाली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. जत, कवठेमहांकाळची माणसं तर येतातच, सीमेपलीकडून अथणी, रायबागचीही येतात. छातीत दुखलं म्हणून ॲडमिट होतात, अँजिओग्राफी होते, कुणाला स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसतो आणि घरी जाताना हातात सात-आठ गोळ्यांचा कागद पडतो. आठ-दहा दिवसांनी त्यांच्यातलंच कुणीतरी पुन्हा दुकानात येतं आणि हळूच सांगतं, "ताई, ती बारकी पांढरी गोळी मी बंद केलीय. लई गळाटल्यागत व्हायचं."

"डॉक्टरांना सांगितलं का?"

"न्हाई. रागावतील की."

हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी लिहायला बसले. नव्या गोळीनं त्रास होऊ शकतो आणि तो खरा असतो. डोस कमी करणं, वेळ बदलणं, दुसरी गोळी देणं असा काहीतरी मार्गही बहुतेक वेळा असतो. पण ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना कळलंच नाही, तर तो निघणार कसा?

गुपचूप गोळी सोडणं

ती बारकी पांढरी गोळी बऱ्याचदा मेटोप्रोलोल किंवा बिसोप्रोलोल निघते. यांना बीटा ब्लॉकर म्हणतात. हृदयाचा वेग आवरून धरणं हेच तिचं काम, त्यामुळे सुरुवातीला थकवा येतो, हातपाय गार पडतात, चढ चढताना पाय जड वाटतात. बहुतेकांचं अंग काही आठवड्यांत सरावतं. पण या काळात शरीर आतून ॲड्रेनलिनला जास्तच हळवं झालेलं असतं. गोळी एकदम सोडली की तो सगळा जोर एकाच वेळी हृदयावर येतो. ठोके धावतात, बीपी उसळतं, छातीत पुन्हा दुखू लागतं, झटकासुद्धा येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती एक-दोन आठवड्यांत थोडी थोडी उतरवत नेतात.

स्टेंटनंतरच्या गोळ्यांचं प्रकरण याहून नाजूक आहे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर बहुतेकांना सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागते. दाढी करताना कापलं आणि रक्त लवकर थांबेना, म्हणून घाबरून या सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दाढ काढायची असली तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, आणि दातांच्या डॉक्टरांना स्टेंटचं सांगा. "दोन दिवस बंद ठेवली तर काय होतंय" असं शेजारी सांगतात. त्यांचं ऐकू नका.

त्रासाचा आणि गोळीचा संबंधच न जोडणं

ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या मामांना बीपी आणि अशक्त हृदयासाठी रामिप्रिल सुरू झाली होती. महिन्याभरात त्यांना खोकला लागला. कोरडा, घशात खवखव, रात्री जास्त. ताप नाही, कफ नाही. मी त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली दिली, मग दुसरी, मग तिसरी. मामींनी अडुळशाचा काढा केला. छातीचा एक्स-रे झाला, तो स्वच्छ आला. मामा रात्र रात्र उशाला टेकून बसून काढायचे आणि मामींना सांगायचे, "ही भाची औषधाच्या दुकानात आहे, तिला कळत असणार." दीड महिन्यानं मी त्यांचा गोळ्यांचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी असा कोरडा खोकला येतो, हे मी कॉलेजात शिकले होते. डॉक्टरांनी बदलून टेल्मिसार्टन दिली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. तेव्हापासून खोकल्याचं औषध मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, "बीपीची नवी गोळी सुरू झालीय का?" हा खोकला काही दिवसांत येतो तसा काही महिन्यांनीही येतो, म्हणून संबंध लक्षात येत नाही.

असंच अम्लोडिपिनचं. संध्याकाळपर्यंत दोन्ही घोट्यांवर सूज येते आणि माणसं किडनी गेली म्हणून हबकतात. कुणी पाणी पिणं तोडतं, कुणी सासऱ्यांची लघवीची गोळी घेऊन टाकतं. ही सूज रक्तवाहिन्या सैल झाल्यानं उतरलेली असते, लघवीच्या गोळीनं ती फारशी हटत नाही. डोस कमी केला किंवा गोळी बदलली की हटते. मात्र सूज एकाच पायाला असेल, किंवा सुजेबरोबर दम लागत असेल, तर ती गोळीवर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा.

टिकाग्रेलॉरनं काहींना अचानक श्वास अपुरा पडल्यासारखा वाटतो. हा तिचा माहीत असलेला परिणाम आहे, पण हृदयाच्या रुग्णाचा दम कशामुळे, हे घरी बसून ठरवता येत नाही. फोन करायचाच. छातीत दुखल्यावर घ्यायची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली की डोकं ठणकतं, कारण ती रक्तवाहिन्या रुंदावते. ती नेहमी बसून घ्या, उभ्यानं घेतली तर चक्कर येऊन पडाल. आणि एक गोष्ट पुरुष काउंटरवर सांगायला लाजतात: लैंगिक ताकदीच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिलसारख्या, घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्या आणि सॉर्बिट्रेट एकत्र आल्या तर बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जातं.

आधी भीती, मग दुखणं

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबद्दल, म्हणजे ॲटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिनबद्दल, मोबाईलवर इतकं काही फिरतं की लोक पहिली गोळी घेण्याआधीच मांड्या चाचपून बघतात. लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना त्यात आलटूनपालटून काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली दिसायला तशीच गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनंही झाला. याचा अर्थ दुखणं खोटं होतं असा नाही. दुखत होतंच, पण दुखवणारी बहुतांशी धास्ती होती. हे कळल्यावर त्यातले निम्मे लोक पुन्हा गोळी घेऊ लागले.

तरीही काहींना स्टॅटिननं स्नायू खरोखर दुखतात. ते सहसा दोन्ही बाजूंना, मांड्यांत, खांद्यांत, गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत दुखतं. तासगावच्या द्राक्षबागेत आठवडाभर छाटणी केल्यावर उजवा खांदा धरला, तर त्याला गोळी जबाबदार धरू नका. शंका असेल तर डॉक्टर रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक, तपासतात आणि डोस किंवा गोळी बदलतात. अंग फार दुखतंय, गळून गेलंय आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, असं क्वचित घडतं. घडलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

सोबत घेतलेल्या गोष्टी न सांगणं

एकच औषध दोन नावांनी घेणारी माणसं मला दर आठवड्याला भेटतात. जुन्या डॉक्टरांची बीपीची गोळी चालूच असते आणि दवाखान्यातून तीच दुसऱ्या कंपनीच्या नावानं आलेली असते. मग चक्कर आली की "नवी गोळी सोसंना". पाकिटावरचं मोठं नाव वाचू नका, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते जुळवून बघा.

गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी वाढवतात, अंगात पाणी साठवतात, किडनीवर ताण देतात. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना ते न विचारता वापरू नका, कारण या गोळ्यांनीही रक्तातलं पोटॅशियम चढतं. या गोळ्या सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा आकडा) तपासायला सांगतात. "बरं वाटतंय" म्हणून ती तपासणी चुकवू नका. पोटॅशियम चढलं तरी अंगाला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही.

उन्हाळा, उपवास आणि वारी

सांगलीच्या मे महिन्यात घामानं अंग आधीच कोरडं पडतं. त्यात लघवीची गोळी, त्यात जुलाब-उलट्या किंवा निर्जळी उपवास, की उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते. उठायच्या आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा. बीपी बसून आणि मग उभं राहून मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला तर तो लिहून डॉक्टरांना कळवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेसाठी आणि अशक्त हृदयासाठी देतात त्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाआधी विचारलंच पाहिजे.

लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेनं माउलींच्या पालखीबरोबर चालणारे काही वारकरी लघवीची गोळी पंधरा दिवस बंदच ठेवतात, कारण वाटेत सोय नसते. अडचण खरी आहे, बायकांची तर फारच. पण अशक्त हृदयात पाणी साठत जातं आणि मुक्कामावर रात्री दम लागतो. निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांशी बोललं तर वेळ बदलून मिळते, डोस बसवून मिळतो. तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर ते पाणीच समजा.

कधी थांबायचं नाही

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, शुद्ध हरपली, नाडी मिनिटाला ५० च्या खाली जाऊन गरगरलं, डांबरासारखी काळी शौचाला झाली, बसल्या जागी दम लागला, छातीतलं दुखणं थांबेना, तर १०८ ला फोन करा.

बाकीच्या त्रासांसाठी एक वही पुरते. कुठली गोळी कधी सुरू झाली, त्रास कधी आला, गोळीनंतर किती वेळानं, त्या वेळी बीपी आणि नाडी किती. दाखवायला जाताना घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद करायला सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. तिथं रुग्ण स्वतः फोन करू शकतो.

त्या बारक्या पांढऱ्या गोळीवाल्या काकांना मी दुकानातूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी नाडी विचारली, गोळी निम्मी केली आणि रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली. पुढच्या महिन्यात काका आले ते वही घेऊनच. काकींच्या अक्षरात सोळा दिवसांची नाडी लिहिलेली होती.