गुडघ्याचे स्थितिभान दोन्ही पायांत सारखे आहे का? घरी असे तपासा

डोळे मिटले तरी गुडघा किती वाकलाय हे आपल्याला कळते. हेच स्थितिभान, म्हणजे प्रोप्रिओसेप्शन. त्याचा मुख्य आधार मांडीच्या स्नायूंतले ताण टिपणारे संवेदक. नेहमी पुढे करतो त्या पायात ते अधिक तल्लख असणार असे वाटते खरे, पण निरोगी माणसाच्या दोन पायांत सहसा फारसा फरक सापडत नाही. म्हणूनच दुखापतीनंतर दुसरा पाय तुलनेला घेता येतो.

आधी प्रबळ पाय ठरवा. चेंडू ज्या पायाने सहज मारता, तो प्रबळ धरायची पद्धत आहे. त्या क्षणी शरीराचा तोल मात्र दुसरा पाय सांभाळत असतो, हे विसरू नका.

आता उंच टेबलावर बसा. पावले अधांतरी हवीत आणि टेबलाची कड गुडघ्यामागच्या खळगीपासून दोन-तीन बोटे लांब. कड तिथे रुतली तर त्वचेवरचा दाबच कोन सांगून टाकतो. पायात मोजे नकोत, घट्ट पँटही नको. कोन मोजणारे अ‍ॅप सुरू करून मोबाइल नडगीच्या बाहेरच्या बाजूला पट्ट्याने बांधा. पाय सरळ खाली लोंबत असताना आकडा शून्यावर आणा.

डोळे मिटा. सोबत्याने टाचेला धरून पाय सावकाश 45 अंशांपर्यंत उचलावा, 5 सेकंद थांबून खाली आणावा. पोटरीला हात लावू नये. मग तुम्ही स्वतः तोच कोन गाठा आणि ‘आलो’ म्हणा. सोबत्याने आकडा लिहावा, पण सांगू नये. आकडा कानावर पडला की पुढची खेप अंदाजाने सुधारते आणि चाचणी वाया जाते. प्रत्येक पायाच्या 5 खेपा करा.

हिशेबात चूक होते ती इथे. समजा पहिल्या तीन खेपांत 48, 43, 47 आले. चुका 3, 2, 2, सरासरी 2.3 अंश. अधिक-उण्यासह बेरीज केलीत तर +3, −2, +2 मिळून सरासरी फक्त 1 उरते आणि गुडघा आहे त्याहून अचूक भासतो.

मांडी उचलली गेली तरी आकडा बदलतो, कारण मोबाइल नडगीचा कल मोजतो, गुडघ्याचा कोन नव्हे. म्हणून मांडी टेबलाला टेकलेलीच हवी. धावून किंवा जिने चढून दमल्यावर चाचणी घेऊ नका. थकव्याने चुका वाढतात. एक-दोन अंशांच्या फरकावरून कुठला पाय ‘कच्चा’ ठरवू नका, तेवढा फरक पट्टा सरकल्यानेही पडतो. दुसऱ्या दिवशी पायांचा क्रम उलटा करून पुन्हा मोजा.