कोल्हापुरात घडणाऱ्या किशोरवयीन प्रेमपटाची पटकथा कशी बांधावी

शाळकरी मुलामुलींचा हलकाफुलका प्रेमपट पाहायला येणारा प्रेक्षक काही गोष्टी गृहीत धरूनच तिकीट काढतो. लाजरा मुलगा, त्याचा बडबड्या मित्र, सगळ्यांसमोर झालेली फजिती, मध्येच आलेला दुरावा आणि शेवटची धावपळ त्याला हवीच असते. हे या चित्रप्रकाराचे संकेत आहेत आणि ते टाळण्याने पटकथा थोर होत नाही. प्रत्येक संकेतापाशी थांबून ‘हा कथेत कोणते काम करतो’ असे विचारावे आणि तेच काम करणारी गोष्ट आपल्या गावात शोधावी.

अमेरिकी चित्रपटांतील ‘प्रॉम’ म्हणजे शालेय वर्षाच्या अखेरीचे औपचारिक नृत्य. त्याची तारीख महिनोन्‌महिने आधी ठरलेली असते, सगळे नटूनथटून एकत्र येतात आणि कोण कोणाबरोबर आले हे सर्वांना दिसते, म्हणून तिथे निर्णय लांबवता येत नाही. नवख्या संहितांत हा प्रसंग जसाच्या तसा उचलून एखाद्या हॉलमधल्या पार्टीत बसवलेला मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी कथेचा जीव तिथेच गेला आहे. कोल्हापूरकराने इतक्या लांब जाण्याचे कारणच नाही, कारण आपल्याकडे दसरा चौक आहे. तिथे सूर्यास्ताच्या वेळी शमीपूजन होते, त्यानंतर सोने लुटले जाते आणि पुढचे काही तास कोणीही कोणालाही आपट्याची पाने देऊ शकतो. एरवी जिच्याशी रस्त्यात बोलायचीही चोरी, तिच्या हातात चारचौघांत आणि तिच्या वडिलांच्या देखत काहीतरी ठेवण्याची परवानगी या एका संध्याकाळी परंपराच देते.

हा प्रसंग लिहिताना घाई करू नये. मुलाने चांगली पाने निवडून शर्टाच्या खिशात जपली आहेत, पण गर्दीत रेटारेटी होऊन ती चुरगळली आहेत. ती समोर येते तेव्हा त्याला ती द्यायची लाज वाटते. ती हात पुढे करते, तीच चुरगळलेली पाने घेते आणि म्हणते, “उद्या येतो मी तुमच्याकडं, काकूंना सोनं द्यायला.” कोल्हापूरची मुलगी ‘येते’ न म्हणता ‘येतो’ म्हणते, आणि या एका प्रत्ययात जेवढे गाव उभे राहते तेवढे दर वाक्याला ‘नाद खुळा’ पेरून राहत नाही. बोलीचा वापर असा जपून करावा.

दसऱ्याचा आणखी एक उपयोग रचनेत होतो. पटकथेचे एक पान साधारण पडद्यावरच्या एका मिनिटाइतके धरतात. म्हणजे 120 पानांच्या संहितेत मध्यंतर साठाव्या पानाच्या आसपास येते. अमेरिकी पटकथांना मध्यंतर नसते, त्यामुळे त्यांच्या आराखड्यावर बेतलेली कथा आपल्याकडे नेमकी चहाच्या वेळी लंगडते. शाळा जूनमध्ये सुरू होते, दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि दसरा या दोहोंच्या मधोमध, दिवाळीच्या सुट्टीआधी येतो. सोने दिले गेले, पण ते तिच्या थोरल्या भावाने पाहिले, एवढ्यावर मध्यंतर करावे.

‘दोघे एकाच ठिकाणी अडकणे’ हा या प्रकारातला आणखी एक जुना संकेत आहे. त्यासाठी बंद पडलेली लिफ्ट शोधत बसू नये. पावसाळ्यात सगळे कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी किती चढले याकडे कान ठेवून असते: 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पाणी चढले की सखल भागातल्या कुटुंबांना हलवावे लागते आणि शाळांच्या खोल्यांत निवारा उभा राहतो. ज्या वर्गात तो मागच्या बाकावर बसतो, त्याच वर्गात तिच्या आजीची वळकटी पसरलेली असणे, यात विनोदही आहे आणि पोटात कालवाकालव करणारी गोष्टही. दोन्ही एकाच प्रसंगातून निघाले तरच चित्रपट या प्रकारात नीट बसतो; आधी पाच विनोद आणि मग पाच अश्रू अशी वाटणी केल्यास दोन्ही वरवरचे राहतात.

सर्वांत जास्त संहिता फसतात त्या उत्तरार्धातल्या दुराव्यात. गैरसमज एका फोनने मिटण्यासारखा असेल, तर प्रेक्षक मनातल्या मनात ‘अरे, फोन कर की’ म्हणत राहतो आणि कथेवरचा त्याचा विश्वास उडतो. म्हणून दुरावा माहितीच्या अभावातून आणू नये, कोणाच्या तरी निर्णयातून आणावा. तो शिवाजी पेठेतला, ती मंगळवार पेठेतली, शाहू स्टेडियमवर दोन्ही पेठांच्या संघांचा फुटबॉलचा सामना आहे आणि मित्रांच्या दबावाखाली तिच्या भावाविरुद्ध दिलेल्या घोषणेत त्यानेही आवाज मिसळला. तिने ते ऐकले. इथे समजून सांगण्यासारखे काही उरत नाही, फक्त माफी मागावी लागते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तीच अवघड असते.

मित्राचे पात्र केवळ निरोप्या असू नये. त्याला स्वतःचे काहीतरी हवे असावे, इतके पुरे. वडिलांना मात्र खलनायक करू नये. काळजी करणारा बाप हा रागावणाऱ्या बापापेक्षा मोठा अडथळा असतो.

ही कथा ज्यांची आहे त्यांना ती पाहता यावी, हेही लिहितानाच लक्षात ठेवावे. 2024 पासून सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्राचे (म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांचे) 7+, 13+ आणि 16+ असे वयोगट झाले आहेत; दहावीतल्या मुलांची कथा 13+ मध्ये बसवायची असेल, तर जवळीक स्पर्शापेक्षा नजरेतून आणि वस्तूंमधून दाखवावी.

राहिली शेवटची धावपळ. सुटत्या गाडीमागे धावणारा नायक सगळ्यांनी पाहिला आहे. पण कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे शेवटचे स्थानक आहे. गाडी इथूनच सुटते आणि त्याआधी बराच वेळ फलाटाला लागलेली असते. त्यामुळे मुलाला धावत आणायचेच असेल तर आणावे, पण तो पोहोचेल तेव्हा गाडी उभीच असू द्यावी. तिच्या वडिलांची बदली झाली आहे, सामान लावून झाले आहे आणि सुटायला अजून वीस मिनिटे आहेत. दम लागलेला मुलगा खिडकीपाशी उभा आहे आणि तिची आई त्याला पाण्याची बाटली भरून आणायला सांगते. ती वीस मिनिटे पूर्ण लिहावीत.