नोकरीही आणि स्वतःचं कामही? निवृत्तीचं खातं निवडताना या चुका टाळा

मार्च लागला की तेच फोन सुरू होतात. "पगार आहे, बाहेरची कामंही घेतो. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) घेऊ की पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी)?" मी आधी विचारतो, ओल्ड रिजीम की न्यू रिजीम? म्हणजे आयकर मोजायची वजावटी देणारी जुनी पद्धत, की कमी दरांची पण बहुतेक वजावटी नसलेली नवी? तिथेच बहुतेकांची गाडी अडते. पैसे मात्र भरून झालेले असतात.

नुसता पगार असेल तर रिजीम दरवर्षी बदलता येते. धंद्याचं किंवा प्रोफेशनचं उत्पन्न जोडीला असलं की तसं चालत नाही. ओल्ड रिजीम हवी तर रिटर्नच्या मुदतीत तसा वेगळा फॉर्म भरावा लागतो; २०२३-२४ साठी तो १०-आयईए होता. त्यानंतर एकदा न्यूमध्ये परतलात, की धंदा चालू असेपर्यंत ओल्डचं दार बंद.

२०२३-२४ सालचं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. नोकरी सांभाळून फ्रीलान्सिंग करणारा मुलगा. मार्चअखेरीस धावपळ करून पीपीएफमध्ये दीड लाख आणि एनपीएसमध्ये वरचे ५० हजार भरले. ऑफिसात ओल्ड रिजीम कळवली होती, फॉर्म १६ही (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) तसाच आला, म्हणून निर्धास्त. माझ्याकडे आला ऑगस्टमध्ये. ३१ जुलै उलटून गेलेली, १०-आयईए भरलेलाच नाही. या दोन लाखांची वजावट गेली, एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सवलत गेली, कमी पडलेला कर व्याजासकट भरावा लागला. आणि पैसे? ते अडकले. पीपीएफची मुदत १५ वर्षं, एनपीएस तेव्हाच्या नियमाने साठीपर्यंत. ऑफिसला कळवणं म्हणजे आयकर खात्याला कळवणं नव्हे, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी एप्रिलमध्येच दोन्ही रिजीमचा कर कागदावर मांडतो, खात्याचं मग बघतो. न्यू रिजीम ठरली तर स्वतः भरलेल्या एनपीएसवर वजावट नाही. कंपनीने भरलेल्यावर आहे, २०२४-२५ पासून बेसिक अधिक डीएच्या (मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या) १४ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे आधी एचआरला विचारा. कंपनीत सोय असताना घाईघाईने स्वतःच्या खिशातून भरणारे पाहिले की जीव तुटतो.

दुसरा हट्ट व्हीपीएफचा, म्हणजे पीएफमध्ये आपल्या मर्जीने जास्तीचे पैसे भरण्याचा. बाहेरच्या कमाईचे पैसे त्यात थेट टाकता येत नाहीत, तो पगारातूनच कापला जातो. मी सुचवतो ते असं: पगारातली कपात वाढवा आणि घरखर्च बाहेरच्या कमाईवर चालवा. पण क्लायंटची बिलं रखडतात, म्हणून काही महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका. शिवाय पीएफमधला तुमचा वाटा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला, की वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. पीपीएफ खातं माणशी एकच. बँक बदलली म्हणून दुसरं उघडू नका. त्यात पैसे ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. कंपनीत एनपीएस सुरू होताना जुनाच प्रान नंबर (एनपीएस खात्याचा कायमचा क्रमांक) द्या. आणि नोकरी सोडून पूर्णवेळ धंद्यात उतरताना पीएफ मोडून भांडवल उभं करू नका. सलग पाच वर्षं नोकरी झाली नसेल तर त्या पैशावर करही बसतो.