‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणायची सवय मोडताना

शाळेत असताना माझ्याकडे वक्तृत्वाची सात बक्षिसं होती. १ ऑगस्टला टिळक, ३ जानेवारीला सावित्रीबाई. भाषण बाई लिहून द्यायच्या, आई पोळ्या लाटता लाटता म्हणून घ्यायची आणि बार्शीच्या शाळेच्या पटांगणात मी ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’पासून ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’पर्यंत एका दमात म्हणून टाकायची. त्यामुळे आपल्याला बोलता येतं, अशी माझी पक्की समजूत होती.

ती मोडली चाकणला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला होते. कस्टमर ऑडिट होतं. एका भागाचं बोअर, म्हणजे आतलं भोक, सारखं मोठं येत होतं, माल परत येत होता, आणि समोरच्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, हे पुन्हा पुन्हा का होतंय? मला उत्तर माहीत होतं. इन्सर्ट, म्हणजे मशीनमधलं कापणारं पातं, बदलल्यावर पहिला पीस मोजायचा असतो, तो तिसऱ्या पाळीत मोजला जात नव्हता. रजिस्टर माझ्या मांडीवर उघडं होतं. पण दातखीळ बसली. इंग्रजी आठवेना, मराठीही आठवेना. शेवटी आमच्या सरांनी काहीतरी गोल गोल सांगून वेळ मारून नेली, चुकीचं कारण कागदावर चढलं आणि महिन्याभराने तीच तक्रार परत आली.

कंपनीच्या बसमध्ये डिस्पॅचची एक मैत्रीण म्हणाली, “शनिवारी निगडीला ये. आमचा टोस्टमास्टर्स क्लब भरतो.” घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, “टोस्ट-खारीचा कसला गं क्लब?”

तर ज्यांना माझ्या आईसारखा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी: या टोस्टचा चहाशी संबंध नाही. हा चारचौघांत बोलायचा सराव करायचा क्लब. मेजवानीत शुभेच्छांचे पेले उंचावताना कोण कधी बोलणार हे ठरवणारा तो टोस्टमास्टर. राल्फ स्मेडली नावाचे गृहस्थ अमेरिकेत वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेत काम करायचे. तिथे येणाऱ्या तरुणांना चारचौघांत बोलता येत नाही, सभा चालवता येत नाही, हे पाहून त्यांनी अशा मंडळांचे प्रयोग केले आणि २२ ऑक्टोबर १९२४ला कॅलिफोर्नियातल्या सांता ॲनात जी सभा भरली तिथून ही संस्था मोजली जाते. बायकांना सभासदत्व मिळालं १९७३मध्ये. म्हणजे पहिली जवळजवळ पन्नास वर्षं मला दारातूनच परत पाठवलं असतं.

पुण्यात भाषणांचं कौतुक त्याच्याही आधीपासून आहे. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये सुरू केली. पण ती मुख्यतः ऐकणाऱ्यांची परंपरा. एक बोलणार, बाकीचे सतरंजीवर किंवा खुर्चीवर. क्लबमध्ये वीस-पंचवीस माणसं असतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त माणसांना त्या संध्याकाळी उठून काहीतरी करावंच लागतं. हा फरक मला फार उशिरा कळला.

पहिल्या दिवशी पाहुणी म्हणून मागच्या रांगेत बसले. पाहुण्यांना पैसे पडत नाहीत आणि बोलायची सक्तीही नसते. आधी तयार भाषणं झाली, साधारण पाच ते सात मिनिटांची. मग टेबल टॉपिक्स. यात विषय तिथल्या तिथे मिळतो आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. “पाहुण्यांपैकी कुणी?” म्हटल्यावर सात बक्षिसांच्या जोरावर माझा हात वर गेला. विषय मिळाला: ‘तुमच्या घरातली सगळ्यात निरुपयोगी वस्तू’. मी ‘गुड इव्हिनिंग एव्हरीवन’ म्हटलं, घशाला कोरड पडली, एक मिनिटानंतर दिसणारं हिरवं कार्ड दिसायच्या आत खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे सगळ्यालाच टाळ्या वाजवतात, त्याचा पहिल्या दिवशी राग येतो.

तरी सभासद झाले. वर्गणी सहामाही असते, एप्रिल आणि ऑक्टोबरपासून मोजतात. मुख्यालयाचा हिस्सा डॉलरमध्ये ठरतो, त्यावर क्लब जागेच्या भाड्यासाठी थोडे घेतो आणि नव्या माणसाला एकदाच प्रवेश शुल्क पडतं. काही कंपन्यांत आतच क्लब असतो आणि पैसे कंपनी भरते, आधी एचआरला विचारून घ्या. इंग्रजीची धास्ती असेल तर क्लब इंग्रजीतच चालला पाहिजे असा नियम नाही. मराठीतून भरणारे क्लबही आहेत. आणि इंग्रजीवाल्या क्लबातही अडलं तर सरळ मराठी शब्द वापरा, कुणी खाऊन टाकत नाही. २०१५ साली या संस्थेची जागतिक भाषणस्पर्धा जिंकली ती सौदी अरेबियाच्या मोहम्मद कहतानी यांनी. इंग्रजी त्यांची मातृभाषा नाही आणि लहानपणी ते बोलताना अडखळत असत.

अभ्यासक्रम आता ऑनलाइन आहे, त्याला पाथवेज म्हणतात. एक पाथ निवडायचा, त्याचे पाच टप्पे. कुठला पाथ निवडू यावर नवी मंडळी महिना घालवतात. घालवू नका. पहिला टप्पा जवळपास सगळीकडे सारखाच आहे आणि पहिलं भाषण तर प्रत्येकाचं एकच: आइसब्रेकर, स्वतःची ओळख, चार ते सहा मिनिटं.

माझ्या आइसब्रेकरची मी शाळेतल्यासारखी तयारी केली. तीन पानं लिहिली, आठवडाभर घोकली, आरशासमोर हातवारेसुद्धा बसवले. तिसऱ्या मिनिटाला कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि पुढचं वाक्य गेलं. वेळ मोजणाऱ्या टायमरने नंतर सांगितलं की नऊ सेकंद शांतता होती. मला ती नऊ मिनिटं वाटली. शेवटी तोंडातून निघालं, “सॉरी, विसरले,” आणि लोक हसले. मग सुचेना म्हणून मी आई पोळ्या लाटताना भाषण कशी म्हणून घ्यायची ते सांगत सुटले. मी चुकले की ती लाटणं पोळपाटावर एकदा आपटायची. हे त्या तीन पानांत कुठेच नव्हतं.

माझं मूल्यमापन एका बँकेतून निवृत्त झालेल्या काकांकडे होतं. प्रत्येक भाषणाला एक मूल्यमापक असतो आणि त्याला दोन ते तीन मिनिटं मिळतात. काकांनी एक वाक्य सांगितलं, बाकीचं मी विसरले. “विसरल्यानंतरचं दीड मिनिट तू बोललीस. त्याआधी नुसती म्हणत होतीस.”

बोलणं आणि म्हणणं. मराठीत शब्द दोन आहेत, पण आम्हाला शाळेत एकच शिकवलं.

त्यानंतर मी पूर्ण भाषण लिहिणं सोडलं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द: बार्शी, लाटणं, बक्षीस, चाकण, रजिस्टर. पाठ फक्त पहिलं वाक्य आणि शेवटचं. मधलं दर वेळी वेगळं येतं, आलं पाहिजे. सराव आरशासमोर नको, आरशात आपण आपलाच चेहरा बघत बसतो. चालताना करा, किंवा मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून अंगावर काटा येईल. येऊ द्या.

नव्या माणसाने भाषणाच्या मागे लागण्याआधी छोट्या भूमिका घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यात आधी टायमर. घड्याळ धरायचं आणि हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवायचं. काम पोरकट वाटतं, पण दोन महिन्यांत दोन मिनिटं म्हणजे किती हे अंगात भिनतं. कारखान्यातल्या सकाळच्या मीटिंगमध्ये कोण वेळ खातो ते मला दिसायला लागलं. (मीच.) मग आह-काउंटर, म्हणजे कोण किती वेळा ‘अं’, ‘सो’, ‘ॲक्च्युली’ म्हणालं याच्या रेघा मारणारा. माझ्या नावावर एकदा सहा मिनिटांत चौदा ‘ॲक्च्युली’ निघाले. उपाय एकच आहे, तिथे तोंड बंद ठेवायचं. गप्प राहिलो की लोकांना वाटतं आपण विचार करतोय.

पण खरी कसोटी मूल्यमापनाची. माझ्या पहिल्या मूल्यमापनात मी चार वेळा ‘खूप छान’ म्हणाले. सभेच्या शेवटी जनरल इव्हॅल्युएटर, जो मूल्यमापकांचंही मूल्यमापन करतो, त्याने विचारलं, “छान म्हणजे काय?” मला सांगता आलं नाही. हळूहळू सवय लावून घेतली: जे दिसलं, जे ऐकू आलं तेवढंच सांगायचं. ‘आत्मविश्वास कमी वाटला’ असं नाही. ‘दुसऱ्या मुद्द्यापासून तुमची नजर जमिनीवर होती’ असं.

हीच सवय एकदा कामावर वापरली आणि माझंच नाक कापलं गेलं. तीच तिसरी पाळी, तेच बोअर. आधी मी तिथल्या मशीनवरच्या मामांना ‘मामा, जरा नीट लक्ष द्या’ म्हणायचे आणि मामा ‘हो मॅडम’ म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, “मामा, सोमवारी रात्री इन्सर्ट बदललाय, पण पहिल्या पीसचा रकाना कोरा आहे. काय झालं होतं?” आणि गप्प राहिले. मामांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “गेज संध्याकाळी कपाटात कुलूप लावून ठेवतात मॅडम. मोजू कशानं?”

म्हणजे ऑडिटच्या दिवशी माझी दातखीळ बसली नसती, मी फाडफाड इंग्रजीत उत्तर दिलं असतं, तरी ते अर्धंच असतं. ‘पाळी निष्काळजी आहे’ असं मी आत्मविश्वासाने सांगून मोकळी झाले असते. कपाटाची दुसरी किल्ली आता रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे असते.

दुसऱ्या वर्षी मला क्लबची व्हीपी एज्युकेशन केलं. क्लबला सात पदाधिकारी असतात, वर्ष १ जुलैला सुरू होतं. व्हीपी एज्युकेशनचं काम ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात दर गुरुवारी रात्री नऊ वाजता फोन घेऊन बसायचं आणि शनिवारच्या दहा-बारा भूमिकांना माणसं शोधायची. ग्रुपवर ‘कोण टायमर होईल?’ असं टाकलं की सगळे वाचतात, कुणी उत्तर देत नाही. एकेकाला फोन करावा लागतो आणि ‘तूच का’ ते सांगावं लागतं. इथे कुणी तुमचं ऐकायला बांधील नाही. पगार तुम्ही देत नाही, रजा तुम्ही मंजूर करत नाही. कंपनीतल्या लीडरशिप ट्रेनिंगमध्ये दोन दिवस जेवण चांगलं मिळालं, पण नाही म्हणणाऱ्या माणसाला दुसरा फोन कसा करायचा ते मी या गुरुवारांत शिकले.

चुकाही तिथेच केल्या. शुक्रवारी रात्री कुणी गळलं की त्याची भूमिका मी स्वतःच घ्यायचे. एका शनिवारी तीन केल्या. सभा संपल्यावर अध्यक्ष म्हणाल्या, “तू सभा चालवतेस की एकपात्री करतेस?” दुसरी चूक जास्त लागली. एका नव्या मुलीला मी दुसऱ्याच आठवड्यात टेबल टॉपिक्सची सूत्रं दिली, ‘तू करशील गं’ म्हणून. तिने केलं, बरं केलं, आणि पुन्हा आली नाही. फोन केला तेव्हा ‘बघते ताई’ म्हणाली. मला तेव्हा आकडा भरायचा होता. क्लबला वर्षाची दहा उद्दिष्टं असतात आणि त्यांच्या मागे लागलं की माणसं रकान्यांसारखी दिसायला लागतात. काही मंडळी तर पदं आणि रिबिनीच गोळा करतात, पाच वर्षांनी बघावं तर भाषण तेच, फक्त ॲक्सेंट नवा. अशांपासून लांब राहा.

क्लब निवडताना दोन-तीन ठिकाणी पाहुणे म्हणून जाऊन या. सभा वेळेवर सुरू होते का ते बघा, आणि मूल्यमापनात काही कामाचं सांगतात की नुसती साखर वाटतात ते ऐका. घरापासून अर्ध्या तासाच्या आत असेल तोच घ्या, पावसाळ्यात कळेल का ते.

स्पर्धेत मी एकदाच उतरले. साडेसात मिनिटांच्या पुढे गेले आणि बाद झाले. इतरांना दोन वर्षं लाल कार्ड दाखवणाऱ्या बाईला समोरचं लाल कार्ड दिसलं नाही. क्लबमध्ये अजून त्याचा विषय निघतो.

सध्या मी एका नव्या मुलाची मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, आहे. मुलगा बीडकडचा, भोसरीत टूलरूमला. त्याचा आइसब्रेकर या शनिवारी आहे. काल रात्री फोन आला, “ताई, सुरुवात ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’नं केली तर चालेल का? तेवढं एक पाठ आहे बघा.”

म्हटलं, “कर की. फक्त घड्याळ ‘आ’पासूनच सुरू होतं.”