वेल्डिंगची चमक डोळ्याला लागू नये म्हणून

ऊस तोडणीच्या तोंडावर कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीत ट्रॉल्यांची दुरुस्ती रात्री उशिरापर्यंत चालते, आणि पहाटे कुणीतरी डोळ्यांत वाळू गेल्यासारखा कळवळत उठतो. हे काम दिसणाऱ्या लखलखाटाचं नव्हे. आर्कमधून, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीतून, 400 नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचे अतिनील किरण निघतात. ते दिसत नाहीत, लागताना दुखतही नाहीत. बुबुळावरचं पारपटल भाजतं आणि ठणका साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो.

शील्डची, म्हणजे तोंडापुढच्या मुखवट्याची, काळी काच अँपिअर बघून घ्या. 10 नंबरचा रॉड, म्हणजे 3.15 मिमी, 100 ते 130 अँपिअरवर चालवत असाल तर 10 किंवा 11 शेड, म्हणजे काचेच्या काळेपणाचा नंबर. 8 नंबरचा रॉड लावून 160 च्या वर गेलात तर 12. शेडचा आकडा काचेवरच असतो. आकडा नसलेली काळी काच घेऊ नका. उन्हाचा गॉगल आर्कसमोर कधीच नको. काळ्या काचेपुढे साधी पांढरी काच हवीच. तिच्यावर ठिणग्या बसून ती खडबडीत झाली की नीट दिसत नाही, मग माणूस शील्ड बाजूला करून बघतो. ती काच स्वस्त आहे, लगेच बदला. काळी काच ट्यूबलाइटसमोर धरा; बारीक पांढरी रेघ दिसली तर ती तडा आहे, टाकून द्या.

खरा घात टाके, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारे छोटे वेल्ड, मारताना होतो. एका हातात जॉब, म्हणजे जोडायचा तुकडा, दुसऱ्यात होल्डर, शील्डला हात उरत नाही. मग डोळे मिटून टाका मारला जातो. पापणी मिटायला जरा उशीर होतोच, आणि दिवसभरात अशा पन्नास टाक्यांचा मारा एकत्र साठतो. जॉब क्लॅम्पने किंवा मॅग्नेटने धरा, हातातली शील्ड सोडून डोक्यावरची घाला. आपोआप काळी होणारी शील्ड असेल तर कामाआधी बॅटरी तपासा.

हेल्परला चमक बाजूने लागते. त्याला बाजूच्या पट्ट्या असलेला पॉलिकार्बोनेटचा पांढरा गॉगल द्या. तो उडत्या किरणांसाठी आहे, आर्ककडे बघायला नाही.

अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. वेल्डिंगचे अतिनील किरण माणसात कर्करोग घडवतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये ठरवलं आहे. क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटने पुसलेला जॉब पूर्ण सुकल्याशिवाय आर्क मारू नका, डबाही जवळ नको. या किरणांनी त्या वाफेचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

चमक लागलीच तर डोळे चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, अंधारात पडून मिटलेल्या डोळ्यांवर गार ओली घडी ठेवा. बटाट्याची गार चकती पापणीवर चालेल, रस डोळ्यात नको. बधिर करणारे थेंब स्वतःहून घालू नका. बरं वाटतं, पण पारपटल भरून यायला उशीर होतो. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. नाही उतरलं किंवा अंधुक दिसायला लागलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. एकाच डोळ्यात खुपत असेल तर ग्राइंडिंगचा कण रुतलेला असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी जा.